विमानकंपन्यांचे एकीकरण आणि मार्गहक्क

आंतरराष्ट्रीय विमानमार्गाचा हक्क कंपनी स्वतः निर्माण करीत नाही. दोन राष्ट्रांच्या करारातून तो तिला लाभतो. कंपन्यांचे एकीकरण झाले म्हणजे ह्या हक्काचे काय होते, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. नॉर्थवेस्ट ह्या कंपनीस १९५२ च्या अमेरिका-जपान करारान्वये टोकिओहून पुढे आशियातील अन्य नगरांकडे प्रवासी नेण्याचा दुर्मिळ हक्क होता. २००८ साली ती डेल्टा कंपनीत विलीन झाली, आणि हा हक्क डेल्टाकडे गेला. नॉर्थवेस्टचे मेम्फिस येथील केंद्र, म्हणजे प्रवाशांनी विमान बदलण्याचे मुख्य स्थान, मात्र टिकले नाही. डेल्टाचे अटलांटा येथील विशाल केंद्र तेथून फार दूर नव्हते. तेव्हा दोन्ही चालविणे तिला किफायतशीर वाटेना, व २०१३ मध्ये मेम्फिसचे केंद्रपद संपुष्टात आले. पुढे लांब पल्ल्याची थेट उड्डाणे वाढली, तसतसे टोकिओतील थांब्याचे महत्त्वही ओसरले.

तात्पर्य, हक्क राष्ट्रांच्या करारातून जन्मतो. त्याचा उपयोग मात्र कंपनीच्या नफातोट्यावर ठरतो. म्हणून एकीकरणास अनुमती देताना केवळ तिकिटांच्या दरांचा नव्हे, तर केंद्र गमावणाऱ्या नगरांचाही विचार करणे शासनास अगत्याचे आहे.