पावसात घडणारं हाड

वैशाखात पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याच्या रानात सांबराचा नर दिसलाच, तर बहुधा बोडका दिसतो. दोन महिन्यांपूर्वी डोक्यावर तीन-तीन टोकांची लांबलचक शिंगं मिरवणारा हाच तो! गाई-म्हशीचं शिंग एकदा आलं की जन्मभर टिकतं. वरचं आवरण नखाच्या जातीचं, आत हाडाचा गाभा. सांबराचं आणि भेकराचं शिंग मात्र अख्खं हाडाचं असतं. ते गळून पडतं आणि त्याच जागी नवं उगवतं. संपूर्ण अवयव टाकून देऊन वर्षागणिक तो नव्याने घडवणं, सस्तन प्राण्यांत हरणांच्या या कुळाखेरीज कुणालाच साधलेलं नाही.

नवा कोंब मऊ, कोमट, मखमली कातडीत गुंडाळलेला असतो. त्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. अमेरिकेतल्या एल्क हरणाचं शिंग ऐन भरात दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटर वाढतं! इतकं कॅल्शियम रोजच्या चाऱ्यातून भागत नाही, म्हणून शरीर ते स्वतःच्या हाडांतून, विशेषतः बरगड्यांतून, उसनं काढतं. त्या काळात नराची हाडं खरोखर विरळ होतात, आणि पुढे चांगल्या चाऱ्यावर भरून येतात.

पण शिंग कधी टाकायचं, हे त्याला सांगतं कोण? थंड प्रदेशांत दिवसाची लांबी सांगते. रिचर्ड गॉस या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने सिका जातीच्या हरणांच्या नरांना दिव्यांच्या उजेडात ठेवलं आणि वर्षभराचं दिवसमान सहा महिन्यांत फिरवलं. नरांनी वर्षात दोनदा शिंगं बदलली. मग रोज नेमके बारा तास उजेड आणि बारा तास अंधार ठेवून पाहिला, तर शिंगं गळेचनात!

आता वेल्ह्याशेजारच्या भोरचा विचार करा. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या एल्कला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात साडेसहा तासांचा फरक जाणवतो. भोरला तो जेमतेम सव्वादोन तासांचा. सूर्याची खूण इथे फिकी आहे. म्हणूनच आपल्याकडची सगळी सांबरं एकाच आठवड्यात शिंगं टाकत नाहीत. तरी हिशेब पाहा: शिंग गळतं ते बहुतेक फाल्गुन-चैत्रात, घडतं ते पावसाळ्यात, आणि मखमल खरवडून टणक शिंगानिशी नर उभा राहतो तो माजाच्या हंगामाआधी, आश्विन-कार्तिकाच्या सुमारास. सगळ्यात खर्चिक काम ऐन हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत! वळीव हुकला, पाऊस लांबला, तर कोवळा पालाही लांबतो, आणि चारा निकस असेल तर शिंग तोकडं राहतं.

जागेचाही यात हात आहे. इथल्या मढे घाटाच्या, वरंधा घाटाच्या माथ्यावर पाऊस इतका कोसळतो की मातीतलं कॅल्शियम धुऊन जातं. पाला उदंड, पण खनिजं कमी. शिवाय कारवीच्या गचपणात पसरट शिंगं अडकणारच. तिथे भेकर शोभतं: केसाळ कातडीने मढलेल्या हाडाच्या लांब खुंटावर वीतभरही नसलेलं शिंग, आणि झुंजीसाठी वरच्या जबड्यातले सुळे. दाट रानात राहणाऱ्या लहान जातींची शिंगं जगभर अशीच आखूड असतात.

गळालेलं शिंगही वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडतं, आणि खनिजं पुन्हा रानात फिरू लागतात. जुन्या घरांत सांबरशिंगाचा तुकडा असे; छातीत दुखलं की सहाणेवर उगाळून लेप लावत. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गळालेलं शिंगही परवानगीशिवाय बाळगता येत नाही, विकता तर मुळीच येत नाही. राजगड-तोरण्याच्या वाटेवर एखादं सापडलं, तर हातात न घेता डोळे भरून पाहा, दातांच्या खुणा शोधा, आणि तिथेच राहू द्या. कॅल्शियमला महाग असलेल्या त्या रानाला त्याची आपल्यापेक्षा जास्त गरज आहे.