व्होल्फ्सबुर्गचे पत्र : तान्ह्या बाळांचा हिवाळा

व्होल्फ्सबुर्ग, नोव्हेंबर

चाकणच्या फोक्सवागेन कारखान्यातून या शहरी बदलून आलेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणाच्या घरी पाळणा हलला, की बाळंतपणासाठी चिंचवडहून आलेल्या आजीबाईंना पहिला धक्का बसतो तो थंडीचा नव्हे, पाहुण्यांच्या दुष्काळाचा. शेजारीण अभिनंदनाचे पत्र पेटीत टाकून परत फिरते. ज्याला किंचित पडसे झाले आहे तो स्नेही आपण होऊन भेट लांबणीवर टाकतो. आणि बाळाचा मुका घेण्याचे तर परक्याच्या मनातही येत नाही. आजीबाई याला माणूसघाणेपणा म्हणतात.

या शिष्टाचाराच्या मुळाशी मात्र वैद्यकशास्त्र आहे. मोठ्या माणसाच्या ओठावर चार पुळ्या उठवून पुन्हा दबून राहणारा हर्पिसचा विषाणू नवजात अर्भकाच्या सर्वांगात पसरला, तर उपचारावाचून बहुतेक बाळे दगावतात, आणि वेळीच निदान झाले तरी शिरेवाटे अ‍ॅसायक्लोव्हिर दोन-तीन आठवडे द्यावे लागते. त्याहून कितीतरी अधिक आढळणारा तो आर.एस.व्ही. धडधाकट मोठ्यांना बहुधा नुसते नाक गळण्यापुरता त्रास देणारा हा विषाणू तान्ह्याच्या फुफ्फुसांतील सूक्ष्म श्वासनलिका सुजवून बुजवून टाकतो. बाळ दूध सोडते, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, आणि अगदी कोवळ्या बाळात तर ताप नसतानाही श्वास मध्येच थांबतो.

जर्मनीची खरी ओळख होते ती हेबामेकडून, म्हणजे शासनमान्य सुईणीकडून. प्रसूतीनंतरचे पहिले दहा दिवस ती गरजेप्रमाणे दररोज, आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत अधूनमधून घरी येते. बाळाचे वजन करते, नाळ व कावीळ पाहते, आईच्या दुधाची विचारपूस करते, आणि या सर्वांचा खर्च सक्तीच्या आरोग्यविम्यातून परस्पर चुकता होतो. पिवळ्या वहीत बाळाच्या तपासण्यांची नोंद राहते. कागदाशिवाय या देशात पान हलत नाही, अशी तक्रार आपले अभियंते नित्य करतात. पण ही एक वही पाहिली, की दफ्तराच्या सोसापोटी काही सत्कृत्येही घडतात हे मान्य करावे लागते.

तथापि जर्मन राज्ययंत्रणेच्या दूरदृष्टीची जी ख्याती आपल्याकडे पसरली आहे, तिची थोडी खातरजमा करून घेतलेली बरी. २०२२ च्या अखेरीस आर.एस.व्ही.ची लाट आली, तेव्हा येथील बालरुग्णालयांत खाटा पुरेनात, आजारी लेकरे दूरच्या गावी हलवावी लागली, आणि औषधांच्या दुकानांत तापाचे साधे सिरप मिळेनासे झाले. निर्सेव्हिमॅब या औषधाला युरोपची मंजुरी त्याच सुमारास मिळाली होती. ही लस नव्हे. तयार प्रतिपिंडांचे हे एकच इंजेक्शन बाळाला एका हंगामापुरते कवच देते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांताने २०२३ च्या शरदात ते सर्व तान्ह्यांना देऊ केले, आणि या आजाराने इस्पितळात दाखल होणाऱ्या बाळांची संख्या सुमारे चार-पंचमांशांनी घटली. जर्मनीच्या लसीकरण आयोगाची शिफारस जून २०२४ मध्ये, तर खर्चाच्या तरतुदीचा हुकूम सप्टेंबरात निघाला. तोवर दोन हिवाळे उलटून गेले होते. आता हंगामात जन्मलेल्या बाळाला शक्यतो प्रसूतिगृहातून निघण्यापूर्वीच ते टोचतात.

अर्थात सावधगिरीला इतिहासाचा आधार आहे. १९५६ साली आर.एस.व्ही. प्रथम सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींत. पुढच्याच दशकात अमेरिकेत त्यावर जी लस करून पाहिली, तिने रक्षण करण्याऐवजी मुलांचा आजार बळावला आणि दोन बालके मृत्यू पावली. त्या आघाताने संशोधनाचे पाऊल कित्येक दशके अडखळले.

आणि तरीही निर्सेव्हिमॅबचे हे कवच प्रथम लाभले ते ज्यांना त्याची निकड सर्वांत कमी होती त्यांना. २०१९ साली या विषाणूने जगभरात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले गेली, त्यांपैकी सुमारे ४५ हजार सहा महिन्यांच्याही आतली, आणि जवळजवळ सर्व मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. मेळघाटच्या आदिवासी गावांत डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने परदेशी संशोधकांच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत असे निदर्शनास आले, की या रोगाचे अनेक बळी इस्पितळाच्या नोंदवहीत न येता घरीच प्राण सोडतात.

घरी जाऊन बाळ पाहण्याची कल्पना आपणांस परदेशातून आणण्याचे मुळीच कारण नाही. डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत गावच्याच बायांना या कामाचे शिक्षण देऊन नवजातांचे मृत्यू घटवले, त्याचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि २०११ पासून आशाताईंच्या गृहभेटी राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाल्या. परंतु आपल्याकडे आर.एस.व्ही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात बळावतो, बारशाला गर्दी तेव्हाही होते, आणि चिंचवडच्या बहुमजली वसाहतीत खासगी प्रसूतिगृहातून चौथ्या दिवशी घरी आलेल्या बाळाच्या दाराशी सरकारतर्फे कोण येणार, याची विचारणा महानगरपालिकेकडे मृगापूर्वीच केलेली बरी.