सही कोणाची, जबाबदारी कोणाची

सिव्हिलची पदवी हातात आली की मुलगा आता घरांचे नकाशे पास करून देणार, असं हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीत कितीतरी घरांत धरून चालतात. पण डॉक्टर-वकिलांना जशा त्यांच्या परिषदा आहेत, वास्तुविशारदांना जसा १९७२चा कायदा आहे, तसा अभियंत्यांना परवाना देणारा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही. नकाशावर सही करण्याचा अधिकार मिळतो तो नियोजन प्राधिकरणाच्या परवान्याने, आणि शिक्षण व अनुभव पाहून त्यालाही मर्यादा घातलेली असते. सार्वजनिक बांधकाम विभागाकडची ठेकेदार नोंदणी ही तर पूर्ण वेगळी गोष्ट. सरकारी काम घेणारा ठेकेदार तेवढ्यावर तुमच्या नकाशाला सही देऊ शकत नाही.

सगळ्यात मोठा घोळ मात्र ‘सोळाशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही’ या वाक्याने घातला आहे. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग वगळून राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्या आधारे २०२१मध्ये लहान भूखंडांना सवलत जाहीर झाली. सोळाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे १५० चौरस मीटर, हे माप भूखंडाचं आहे, बांधकामाचं नाही. गावठाणातल्या अशा भूखंडावर नगर रचनाकाराकडे जावं लागत नाही, एवढंच. मालकीची कागदपत्रं, नकाशा आणि तो नियमात बसतो असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीला द्यावाच लागतो, शुल्कही भरावं लागतं. सोळाशे ते बत्तीसशे फुटांच्या भूखंडाला ग्रामपंचायतीने दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं आहे. म्हणजे कचेरीतली तपासणी जिथे कमी झाली, तिथे सगळा भार अभियंत्याच्या दाखल्यावर आला. ओळखीतून, जागा न पाहता मिळवलेला शिक्का म्हणूनच मला धोक्याचा वाटतो.

‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो?’ हेही आता कोणी म्हणू नये. २१ मार्च २०२४च्या पहाटे आणि पुन्हा १० जुलैच्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातले लोक तर जमिनीखालचे आवाज कित्येक वर्षं ऐकत आहेत. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया किती खोल घ्यायचा, जोत्याला पट्टा घ्यायचा की नाही, हे शेजाऱ्याच्या घराकडे बघून ठरत नाही. त्यासाठी माती बघावी लागते.

आणि एकदा मिळालेली परवानगी कायमची नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियमाप्रमाणे ती एक वर्ष चालते. मुदत संपण्याआधी अर्ज केला तर वाढवून मिळते, पण ही वाढ एकूण तीन वर्षांपलीकडे जात नाही. पैशांअभावी जोत्यापर्यंतही न पोचता थांबलेल्यांनी जुन्या कागदावरची तारीख आधी बघून घ्यावी.