उत्तर येईपर्यंत किती थांबायचे?

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एका कंपनीच्या संगणक-जाळ्यात प्रकाशतंतूचे एक कुरकुरणारे उपकरण बदलण्याचे काम चालू होते. (भारतात तेव्हा २२ तारखेची पहाट, ४ वाजून २२ मिनिटे झाली होती.) काम नेहमीचेच. ते करताना मुख्य संगणककेंद्राचा बाकीच्या जाळ्याशी असलेला संबंध तुटला आणि ४३ सेकंदांत पुन्हा जुळला. कंपनीचे नाव गिटहब. जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपले लिखाण तिच्या संगणकांवर ठेवतात. ४३ सेकंदांच्या या खंडानंतर तिची सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली!

कंपनीने या घटनेचा सविस्तर अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. तो समजून घ्यायचा तर आधी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे वळावे लागेल. समोरून उत्तर येत नसेल तर किती वेळ थांबायचे?

मोठा माहितीसाठा, म्हणजे डेटाबेस, सहसा एकाच संगणकावर ठेवत नाहीत. तो संगणक बंद पडला तर सगळेच अडेल. म्हणून त्याच माहितीच्या प्रती अनेक संगणकांवर, कधी वेगवेगळ्या शहरांत ठेवतात. त्यांपैकी एक मुख्य असतो. नवी नोंद आधी त्याच्याकडे होते, बाकीचे तिची नक्कल करून घेतात. हे सारे संगणक एकमेकांना सतत संदेश पाठवत असतात. संदेश पाठवला आणि उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ काय? समोरचा संगणक बंद पडला असेल. तो चालू असेल, पण कामात बुडालेला असेल. आपला संदेशच वाटेत हरवला असेल. किंवा संदेश पोचला, कामही झाले आणि फक्त परतीचे उत्तर गहाळ झाले असेल. यातली शेवटची शक्यता सर्वांत त्रासदायक, कारण आपण तेच काम पुन्हा सांगितले तर ते दोनदा होईल. खात्यातून पैसे काढण्याचे काम असेल तर विचारायलाच नको.

वाट पाहणाऱ्याच्या दृष्टीने या चारही शक्यता अगदी सारख्या दिसतात. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटर्सन या तिघांनी १९८५ साली गणिताने सिद्ध केले की, संदेशाला लागणाऱ्या वेळावर काहीच बंधन नसेल आणि एखादा जरी संगणक बंद पडण्याची शक्यता असेल, तर सर्वांचे एकमत होईलच अशी हमी देणारी ठरावीक कृती असू शकत नाही. मग व्यवहारात काय करतात? एक मुदत ठरवतात. तेवढ्या वेळात उत्तर आले नाही तर समोरचा ‘गेला’ असे धरून पुढे जातात. या मुदतीला टाइमआउट म्हणतात. समोरचा संगणक खरोखर बंद पडला आहे हे टाइमआउटमुळे कळत नाही. तसे आपण मानून चालतो, एवढेच.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. चार विद्यार्थ्यांना चार कोपऱ्यांत एकमेकांकडे पाठ करून बसवा आणि एकाला मुख्य नेमा. त्याने दर मिनिटाला ‘मी आहे’ अशी चिठ्ठी बाकीच्यांना धाडायची. चिठ्ठ्या नेणाऱ्याला गुपचूप सांगून ठेवा की, मधूनच रेंगाळ, एखादी चिठ्ठी खिशात घाल. चिठ्ठी आली नाही तर बाकीच्यांनी नवा मुख्य निवडायचा. थोड्याच वेळात वर्गात दोन मुख्य झाले तर आश्चर्य वाटायला नको.

मुदत ठरवायची तर खालची मर्यादा भौतिकशास्त्र देते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-दिल्ली हे अंतर सरळ रेषेत सुमारे ११५० किलोमीटर आहे. म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला किमान साडेअकरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे साडेअकरा हजारांश भाग, लागणारच. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांमधले अंतर सुमारे ४००० किलोमीटर. तिथे हाच हिशेब ४० मिलिसेकंद येतो. कितीही पैसे खर्च केले तरी तो कमी होत नाही. प्रत्यक्षात तंतू सरळ रेषेत टाकलेले नसतात आणि वाटेतली उपकरणेही वेळ खातात, त्यामुळे वेळ याहून जास्तच लागतो.

मग सरासरी वेळ मोजून त्याच्या दुप्पट मुदत ठेवली की झाले? नाही. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधला संदेशवहनाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर घसरला. चाळीस बिट म्हणजे जेमतेम पाच रोमन अक्षरे! दोन्ही ठिकाणांमधले अंतर ४०० यार्डांच्या आसपास. चिठ्ठी घेऊन कोणी धावत गेले असते तरी काम लवकर झाले असते. व्हॅन जेकबसन यांनी याचा छडा लावला. जाळ्यावर गर्दी झाली की उत्तरे उशिरा येत. ती हरवली असे समजून संगणक तोच संदेश पुन्हा पाठवत. त्याने गर्दी वाढे, उत्तरे आणखी उशिरा येत आणि आणखी संदेश सुटत.

जेकबसन यांनी १९८८ साली सुचवलेल्या उपायांपैकी एक असा की, मुदत ठरवताना सरासरीबरोबर वेळांचा विखुरलेपणाही धरावा. आज रूढ असलेल्या रूपात तो नियम ‘सरासरी अधिक विचलनाच्या चौपट’ असा आहे. समजा एका संगणकाची पाच उत्तरे ४०, ४४, ३८, ४२ आणि ३६ मिलिसेकंदांत आली. सरासरी ४०. सरासरीपासूनचे फरक ०, ४, २, २, ४. त्यांची सरासरी २.४. मुदत झाली ४० + ९.६, म्हणजे साधारण ५०. दुसऱ्याची उत्तरे १०, ९०, २०, ६० आणि २० मिलिसेकंदांत आली. सरासरी पुन्हा ४०च. पण फरकांची सरासरी २८, म्हणून मुदत १५२. सरासरी तीच असून मुदत तिप्पट! प्रत्यक्षात संगणक दर वेळी अशी बेरीज मांडत बसत नाही. तो नव्या वेळाला एक अष्टमांश वजन देऊन चालू सरासरी सुधारत जातो. याच्या जोडीला आणखी एक पथ्य असते. मुदत चुकली की पुढची मुदत दुप्पट करायची. गर्दीत हाका मारणाऱ्याने दर हाकेनंतर जास्त थांबायचे, तसे.

अनेक थरांच्या व्यवस्थेत हे पथ्य पाळणे अवघड जाते. एका थराने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला काम सांगायचे आणि तिसऱ्याने ते डेटाबेसकडून करून घ्यायचे, अशी रचना असते. प्रत्येक थर तीन-तीन वेळा प्रयत्न करत असेल, तर आधीच थकलेल्या डेटाबेसवर एका विनंतीच्या २७ विनंत्या कोसळतात. शिवाय विचारणारा दोन सेकंद थांबून निघून गेला आणि डेटाबेसची स्वतःची मुदत पाच सेकंदांची असली, तर उरलेले तीन सेकंद तो कोणीही न मागितलेले उत्तर शोधत बसतो. माझ्या मते आकडे बारकाईने जुळवण्याच्या आधी ही उलटी रचना सुधारली, तर निम्मे दुखणे कमी होईल.

आता नवा मुख्य निवडण्याविषयी. यासाठी रॅफ्ट नावाची पद्धत प्रसिद्ध आहे. दिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ साली ती मांडली. मुख्य संगणक ‘मी आहे’ असे ठोके देत राहतो. ते थांबले की दुसरा उमेदवार उभा राहतो आणि बहुमत मिळाल्यास मुख्य होतो. गंमत अशी की, इथे सर्वांची मुदत सारखी ठेवणे चुकीचे ठरते. मग सगळे एकदमच उमेदवार होतील आणि मते फुटतील. म्हणून प्रत्येकाने १५० ते ३०० मिलिसेकंदांमधला एक आकडा चिठ्ठी उचलल्यासारखा घ्यावा असे त्यांनी उदाहरणादाखल सुचवले. रॅफ्टवर चालणाऱ्या ‘इटीसीडी’ या साठ्याच्या माहितीपुस्तकात सल्ला असा की, निवडणुकीची मुदत संदेशाच्या जाण्यायेण्याच्या वेळाच्या किमान दहापट ठेवावी.

गिटहबमध्ये मुख्य संगणक बदलण्याचे काम ‘ऑर्केस्ट्रेटर’ हा प्रोग्रॅम करत असे आणि तो रॅफ्टच वापरत असे. पूर्वेचे केंद्र गप्प झाल्यावर बाहेरच्या देखरेख्यांनी बहुमत केले आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या संगणकांना मुख्य नेमले. नियमाप्रमाणे यात काहीच चुकले नव्हते. पण संबंध तुटण्याच्या क्षणी पूर्वेकडे झालेल्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. सर्वांत वर्दळीच्या गटांपैकी एकात अशा ९५४ नोंदी होत्या. आणि संबंध जुळल्यावर नव्या नोंदी पश्चिमेकडे होऊ लागल्या. एकाच हजेरीपटाच्या दोन प्रती, आणि प्रत्येकीत दुसरीत नसलेल्या नोंदी, असा प्रकार झाला. त्यात पूर्वेकडच्या प्रोग्रॅमना आता प्रत्येक नोंदीसाठी देश ओलांडून जायचे होते. तो ४० हून अधिक मिलिसेकंदांचा हेलपाटा, एकेका कामात अनेकदा घालावा लागला की, त्यांना झेपेना. अभियंत्यांनी सेवा मंदावली तरी चालेल, पण लोकांची माहिती हरवू द्यायची नाही असे ठरवले आणि राखून ठेवलेल्या प्रतींवरून तासन्‌तास साठे पुन्हा उभे केले.

पुढे कंपनीने ऑर्केस्ट्रेटरच्या मांडणीत बदल केला. मुख्यपद एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर आपोआप जाणार नाही असे ठरवले. हा निर्णय मला फार बोलका वाटतो. शेजारच्या खोलीतल्या संगणकाकडे काम वळवायचे असेल तर घाई परवडते, कारण चूक झालीच तर ती लवकर निस्तरता येते. चार हजार किलोमीटरवर मुख्यपद नेऊन ते परत आणायला दिवस लागणार असेल, तर एखादे मिनिट जास्त थांबणे स्वस्त पडते. म्हणजे एकाच व्यवस्थेत वेगवेगळ्या कृतींसाठी वेगवेगळी मुदत लागते.

यासाठी जपानमधील नाओहिरो हायाशिबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक सुबक युक्ती मांडली. ‘आहे’ किंवा ‘गेला’ असा निकाल न देता संशयाचा आकडाच द्यायचा. आधीच्या ठोक्यांमधली अंतरे पाहून, इतका उशीर होऊनही ठोका येण्याची शक्यता किती हे काढायचे आणि तिचा १० पायाचा लॉगॅरिथम घेऊन चिन्ह बदलायचे. शक्यता दहात एक असेल तर संशय १, शंभरात एक असेल तर २, दहा कोटींत एक असेल तर ८. शांतता लांबत जाते तसा हा आकडा चढतो. कॅसँड्रा नावाचा डेटाबेस ही कल्पना वापरतो आणि त्यात ८ हा आकडा आधीच भरलेला असतो. संशय थोडा असताना वाचणाऱ्याला दुसऱ्या प्रतीकडे पाठवावे, तो बराच वाढला तरच मुख्य बदलावा, अशी पायरी यात ठेवता येते. दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना लॉगॅरिथमचा उपयोग विचारलात तर हे उदाहरण द्यायला हरकत नाही.