एका घरट्याचा हिशेब

वर्गणी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? गणपती, शारदा, नाहीतर क्रिकेटचा चेंडू! पण वर्गणी काढून एखादं जंगल विकत घेता येतं का? हसू नका. मुलांनी ते केलेलं आहे.

१९८७ सालची गोष्ट. स्वीडन देशातल्या फागरविक नावाच्या गावात एक लहानशी शाळा होती. एहा कर्न या तिथल्या शिक्षिका. कोस्टा रिका देशातल्या मॉन्टेव्हर्डे इथल्या पर्जन्यवनाचा अभ्यास करणाऱ्या शेरॉन किन्समन या शास्त्रज्ञ बाई एकदा त्यांच्या वर्गावर आल्या. त्यांनी त्या जंगलाची चित्रं दाखवली आणि तिथली झाडं कशी भराभर तोडली जाताहेत तेही सांगितलं. मुलं हळहळली. त्यातला नऊ वर्षांचा रोलांड तिएन्सू म्हणाला, आपणच ते जंगल विकत घेऊ या की!

मोठी माणसं अशा वेळी काय म्हणतात ते तुम्हाला माहीतच आहे. कर्नबाई मात्र तसं म्हणाल्या नाहीत. मुलांनी नाटक बसवलं, खाऊ करून विकला, आणि पहिल्या पैशातून काही हेक्टर जंगल घेतलं. बातमी पसरली. पुढे चव्वेचाळीस देशांतल्या मुलांनी पैसे पाठवले. आज ते ‘मुलांचं चिरंतन पर्जन्यवन’ सुमारे २३,००० हेक्टरांचं आहे. १९९१ साली कर्नबाई आणि रोलांड या दोघांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. रोलांड तेव्हा तुमच्याच वयाचा होता!

पण याच गोष्टीत एक चटका लावणारा भाग आहे. तो मी वर्गात कधी गाळत नाही. मॉन्टेव्हर्डेच्या डोंगरात झळझळीत केशरी रंगाचा एक बेडूक राहायचा, सोनेरी भेक. १९८९ नंतर तो कुणालाही दिसला नाही. जंगल जागेवर राहिलं, बेडूक मात्र संपला. बेडकांमध्ये पसरणारा एक बुरशीरोग आणि बदलतं हवामान ही त्याची कारणं सांगतात. त्यामुळे पैसे जमवण्याआधी आपला प्राणी नेमका कशानं मरतोय, ते विचारायला हवं.

आता आपल्याकडे या. आमचं सिहोरा तुमसर तालुक्यात आहे. नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा आणि चहूकडे धानाच्या बांध्या, बोड्या, मामा तलाव. महाराष्ट्रात सारस पक्षी उरलाय तो आपल्या याच धानपट्ट्यात, गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत. अलीकडच्या गणनांमध्ये गोंदियात तीसेक सारस होते. आणि आपल्या भंडाऱ्यात? एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके!

सारस म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. ताठ उभा राहिला तर जवळजवळ तुमच्या बाबांएवढा. जोडी जमली की वर्षानुवर्षं मोडत नाही. जहांगीर बादशहानं सारसांची एक जोडी पाळली होती आणि त्यांची नावं ठेवली होती लैला आणि मजनू. इकडे रोवणी आटोपते तेव्हाच सारसाचं घरटं होतं, बांधीतल्या नाहीतर तलावातल्या पाण्यात, गवताकाडीचा मोठा ढीग रचून. अंडी बहुधा दोनच. महिनाभर नर-मादी आळीपाळीनं बसतात. घरटं उधळलं तर ते वर्ष बहुतेक वायाच जातं, आणि जिथे दोन-चारच पक्षी आहेत तिथे एक वर्ष फार मोठं असतं.

त्यांचा जीव कशानं जातो? विजेच्या तारांना धडकून, शेतातल्या विषारी औषधांनी, तलाव आटल्यानं, अंडी फुटल्यानं. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था, वनविभाग आणि शेतकरी मिळून दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी सारस मोजतात. गावोगावी शेतकऱ्यांशी बोलून घरटी राखतात. २०२१ साली तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांची स्वतःहून दखल घेतली. तारांचं काम सरकारचं, ते आपल्या वर्गणीनं व्हायचं नाही. घरट्याचं मात्र होऊ शकतं.

म्हणून आम्ही फळ्यावर गणित मांडलं. घरट्याभोवतीचा एक गुंठा धान पूर्ण गेला असं समजा. एकरी सोळा क्विंटल पीक धरलं तर गुंठ्याला चाळीस किलो. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे नुकसान झालं सुमारे ९४८ रुपयांचं. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकी किती? चोवीस रुपयेसुद्धा पुरे! दिवाळीनंतरच्या मंडईत एखादी छोटी दंडार बसवली किंवा चिवड्याचं दुकान लावलं, तरी तेवढे जमतील.

पालकांनाही एक सांगते. पैसे जमवायचे तर मुख्याध्यापकांना विचारून, पावती देऊन, वहीत लिहून. कुणा अनोळखी माणसाच्या हाती द्यायचे नाहीत. आणि घरटं पाहायला म्हणून मुलांची जत्रा बांधीवर नेऊ नका. माणसं फार जवळ आली की पक्षी अंडी सोडून उठतो आणि कावळ्यांचं फावतं.

गणित सुटलं म्हणून मी खडू ठेवला, तर मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिच्या घरी दोन एकर धान आहे. म्हणाली, “बाई, सारस बसला तं माहे बाबा हाकलनार नाई. पैसेबी मांगनार नाई. पर औषध फवाराले मजूर येते, त्याले कोन सांगन?”

वर्ग गप्प झाला. मग एकानं सुचवलं, घरट्याभोवतीचा तेवढा गुंठा फवारणीतून सोडायचा, आणि हे रोवणीच्या आधीच घरोघरी जाऊन सांगायचं. कुणाच्या घरी कोण जाणार, ती यादी आता फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आहे. वर ‘पुसू नये’ असं लिहिलंय.