काम झाल्यानंतरचे पेढे

सरकारी कर्मचाऱ्याने भेटवस्तू घ्यावी की घेऊ नये, याचा निर्णय आधी देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या संबंधावरून आणि मग किमतीवरून करायचा असतो, हे तत्त्व भारतातील सेवाविषयक नियमांत साठ वर्षांपासून लिहिलेले आहे. परंतु कार्यालयांत या नियमांपैकी पाठ असतो तो बहुधा रुपयांचा आकडाच, आणि त्यातून ‘इतक्या रकमेपर्यंत चालते’ असा एक सोयीचा समज रूढ झाला आहे. दाखला हातात पडल्यावर टेबलावर ठेवला जाणारा पेढ्यांचा पुडा, प्रसूतिगृहात बाळ झाल्याबरोबर मागितली जाणारी बक्षिसी, दिवाळीची पोस्त, कंत्राटदाराकडून घरपोच येणारी सुक्या मेव्याची पेटी ही सारी देवाणघेवाण याच समजाच्या आडोशाने चालते, म्हणून तो नियमांच्या शब्दांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

केंद्र शासनाच्या नोकरवर्गाला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४, सनदी आणि पोलीस सेवेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांना अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८, तर महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. केंद्रीय नियमांतील तेरावा नियम मनाईनेच सुरू होतो: नियमांत सांगितलेले अपवाद सोडल्यास कर्मचाऱ्याने स्वतः भेट घ्यावयाची नाही, कुटुंबीयांना घेऊ द्यावयाची नाही आणि आपल्या वतीने वागणाऱ्या कोणालाही घेऊ द्यावयाची नाही. भेट म्हणजे केवळ वस्तू नव्हे, तर फुकटचा प्रवास, राहण्याजेवणाची सोय, इतर सेवा किंवा कोणताही आर्थिक लाभ, मात्र तो निकटच्या नातेवाइकाखेरीज किंवा ज्याचे कार्यालयात काही काम नाही अशा वैयक्तिक मित्राखेरीज अन्य कोणाकडून मिळालेला असावा, असा खुलासा त्याला जोडलेला आहे. प्रसंगाने घडलेले जेवण, वाटेत कोणी गाडीतून सोडणे यांसारख्या सामाजिक शिष्टाचाराला भेट समजू नये, ही मोकळीक नियमाने दिली आहे. पण तिच्यापाठोपाठ लगेच असेही बजावले आहे की भपकेबाज किंवा वारंवार होणारे आदरातिथ्य टाळले पाहिजे, मग ते व्यक्तीचे असो वा उद्योगसंस्थेचे.

रुपयांचे आकडे या चौकटीच्या आत येतात. लग्न, धार्मिक कार्य, अंत्यविधी अशा रूढ प्रसंगी नातेवाइकांकडून आणि कार्यालयीन संबंध नसलेल्या मित्रांकडून भेट घेता येते; मात्र तिची किंमत गट-अ अधिकाऱ्याच्या बाबतीत २५,००० रुपयांपेक्षा, गट-ब च्या बाबतीत १५,००० आणि गट-क च्या बाबतीत ७,५०० रुपयांपेक्षा अधिक असल्यास शासनाला कळवावे लागते. अन्य बाबतींत, २०१९ च्या सुधारणेनुसार, गट-अ आणि गट-ब साठी ५,००० व गट-क साठी २,००० रुपयांच्या वर शासनाची मंजुरी लागते. हुंड्यासाठी वेगळा नियम असून त्यात रकमेचा प्रश्नच येत नाही: देणे, घेणे आणि मागणे तिन्ही निषिद्ध आहेत. परदेशी पाहुण्यांकडून मिळणाऱ्या भेटींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा तोशाखाना आहे.

खरी चूक होते ती मंजुरीच्या मर्यादेला परवानगी समजण्यात. वर्तणूक नियमांच्या पलीकडे लाचलुचपत प्रतिबंधक अधिनियम, १९८८ उभा आहे आणि त्याच्या कलम ११ मध्ये कोणतीही किमान रक्कम नाही. लोकसेवकाच्या हाताखालून ज्याचे काम गेले आहे, जात आहे किंवा जाण्याचा संभव आहे, अशा माणसाकडून योग्य मोबदला न देता काही लाभ स्वीकारणे, एवढ्यावरच या कलमाचा रोख आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ‘काम गेले आहे’ हा भूतकाळ मुद्दाम घातलेला आहे, असेच म्हणावे लागते. कारण काम आधीच झाले, आता ही केवळ कृतज्ञता आहे, हा बचाव सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत जास्त फसवाही असतो. आज कृतज्ञता म्हणून ठेवलेला पुडा रांगेतल्या पुढच्या माणसाच्या नजरेस पडतो, आणि त्याच्यापुरता तो दरपत्रक ठरतो.

भेटींना आकड्यांचे कुंपण घालण्याचा प्रयोग या देशात जुना आहे. प्लासीच्या लढाईनंतर मीर जाफरकडून रॉबर्ट क्लाईव्हला सुमारे २,३४,००० पौंड मिळाले होते. तोच क्लाईव्ह १७६५ मध्ये बंगालचा गव्हर्नर म्हणून परतला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांकडून त्याने करारनामे लिहून घेतले, ज्यांनुसार ४,००० रुपयांवरची भेट कंपनीकडे जमा करावयाची होती आणि १,००० रुपयांवरच्या भेटीला गव्हर्नर व त्याच्या मंडळाची संमती लागणार होती. आठच वर्षांनी, १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टने, भेटी घेण्यास सरसकट मनाई केली. तरीही वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ पासून १७९५ पर्यंत चाललेल्या महाभियोगात भेटी घेतल्याचा आरोप होता आणि अखेरीस तो निर्दोष सुटला. मनाई लिहिणे आणि ती सिद्ध करणे यांतले अंतर तेव्हापासून फारसे कमी झालेले नाही.

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग सत्काराचा आहे. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांना भेट म्हणण्याची कोणाचीच तयारी नसते, आणि त्यामागची भावना अनेकदा निर्मळ असते हेही खरे. पण केंद्रीय नियमांतील चौदावा नियम स्पष्टपणे सांगतो की पूर्वमंजुरीवाचून कर्मचाऱ्याने मानपत्र स्वीकारू नये आणि आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेस किंवा समारंभास जाऊ नये. निवृत्ती किंवा बदलीच्या वेळचा खाजगी, अनौपचारिक निरोप समारंभ आणि सार्वजनिक संस्थांनी योजलेला साधा, अल्पखर्ची कार्यक्रम हे त्याचे अपवाद आहेत. याच नियमाखालची एक टीप प्रत्येक कार्यालयाच्या सूचनाफलकावर लावण्याजोगी आहे: निरोप समारंभाच्या वर्गणीसाठी कोणावरही दडपण आणू नये, आणि वरच्या गटातील अधिकाऱ्याच्या समारंभासाठी गट-क किंवा गट-ड च्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा करू नये. साहेबांच्या निरोपासाठी शिपायाच्या पगारातून शे-दोनशे रुपये काढून घेण्याची पद्धत सौजन्याची वाटत असली, तरी नियमांच्या दृष्टीने ते सौजन्य नाही, आणि ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याच्या दृष्टीनेही नाही.

नियमांचा हा कठोरपणा कर्मचाऱ्यावरील अविश्वासातून आला आहे, असा आक्षेप घेतला जातो, तो मान्य करण्याजोगा नाही. अधिकार एका बाजूला आणि गरज दुसऱ्या बाजूला असताना दिलेली भेट मोकळ्या मनाने दिली गेली की भीतीपोटी, हे घेणाऱ्याला कधीच निश्चित कळू शकत नाही. जो प्रामाणिक आहे त्यालाही ते कळत नाही, म्हणूनच नकार देण्यासाठी त्याच्या पाठीशी एक लिखित नियम असणे त्याच्याच हिताचे आहे. शिवाय महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि हक्काने मिळालेल्या दाखल्याबद्दल कोणाचे देणे शिल्लक राहत नाही. कोणी खरोखर आपुलकीने, वेळेबाहेर थांबून काम केले असेल, तर कार्यालयप्रमुखाच्या नावे चार ओळींचे पत्र द्यावे. ते घेण्यास कोणताही नियम आड येत नाही.

देणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१८ च्या दुरुस्तीपासून लोकसेवकाकडून गैर काम करून घेण्यासाठी लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ज्याला ती देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास त्याला या कलमातून संरक्षण मिळते, आणि महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा त्यासाठीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १०६४ हा आहे.