शेवटच्या प्लॉटचं कुंपण

भूकरमापक म्हणून मी आयुष्यभर शेतं मोजली. तेहतीस फुटी साखळी चारी बाजूंनी फिरली की एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे गणित अजून हातात आहे.

बारामतीजवळची आमची कन्हेरी लोकांना मारुतीमुळं ठाऊक. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ इथंच फुटतो. गावठाणातले बोळ वाकडे, पण बहुतेक कुठंतरी निघतात. एका बोळात लग्नाचा मांडव पडला तर माणूस दुसऱ्यानं जातो. रानात जायला पाणंद, दोन गावांच्या हद्दीवर शिवरस्ता. हे रस्ते गावानं मिळून राखलेले असतात.

बारामती वाढली, जळोची, रुई, तांदुळवाडी शहरात आली. तिथून पुढं रस्त्यालगतचे गट एकेक करून प्लॉटिंगला निघाले. प्रत्येक मालक आपल्यापुरता विचार करतो: मधून एक रस्ता, दोन्हीकडं प्लॉट, शेवटी कुंपण. पलीकडच्या गटाचा रस्ता भलत्याच बाजूनं. नकाशावर दोन वस्त्या शेजारी, पायाला मात्र लांब.

रस्ते एकमेकांना किती जोडलेत, हे मोजता येतं. रस्ता जिथं संपतो किंवा दुसऱ्याला मिळतो, तिथून किती फाटे निघतात ते पाहायचं: कुंपणाशी एक, तिठ्यावर तीन, चौकात चार. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलर्ड-बॉल या अभ्यासकांनी जगभरचे रस्ते असे तपासून 2020 मध्ये दाखवलं, की 1975 नंतर जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते एकमेकांना कमी कमी जोडले जाताहेत. घर पाडून पुन्हा बांधतात. रस्त्याची आखणी एकदा झाली की पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. म्हणून मला प्लॉटिंगचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडं यावरचा उपाय 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, आधी रस्ते आखायचे, मग ज्याला त्याला नव्या आकाराचा भूखंड परत द्यायचा. वांद्र्याचे टीपीएस, म्हणजे नगररचना योजनेतले, रस्ते त्यातलेच.

माझ्या बहिणीचं आणि भाच्याचं घर पाठीला पाठ लावून आहे. भिंतीवरून ताट देता येतं. रस्त्यानं पाऊण किलोमीटर. तिचे गुडघे गेलेत. वाटेला किती जागा लागली असती ते मी टेप लावून पाहिलं: दहा फूट रुंद, पन्नास फूट लांब. अर्धा गुंठासुद्धा नाही. आता तिथं पाण्याची टाकी आहे.